शेवटचा हात कोणाचा?

विद्यार्थी मित्रहो, पालक आणि विश्वस्त मंडळी,



एरवी या पानावर आम्ही परीक्षा, शिस्त, पटसंख्या अशा विषयांवर लिहितो. या वेळी आमच्या घरच्या एका प्रिंटरविषयी लिहिणार आहोत. प्राचार्यांना विषय कमी पडू लागले की काय, असे कुणाला वाटेल. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये या प्रिंटरने आम्हाला पाच दिवस पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसवले, आणि पहिल्याच दिवशी आम्ही नापास झालो. ती हकीकत मुलांनी वाचावी असे आम्हाला वाटते. जिच्याशी आमच्याच शाळेतल्या एका मुलाचा संबंध आहे अशी ही गोष्ट त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने लिहीत आहोत. नाव मात्र लिहिणार नाही.

हा प्रिंटर आम्ही २०२० साली घेतला. टाळेबंदीत शाळा बंद होत्या. आपल्या कितीतरी घरांत एकच फोन आणि तीन भावंडे अशी स्थिती होती. तेव्हा अभ्यासाची पाने घरी छापून शाळेच्या फाटकावर पालकांच्या हाती द्यायची, असे ठरले. काळ्या शाईचा, छोटा लेसर प्रिंटर. वायर न जोडता घरच्या वाय-फायवर चालणारा. पुढे शाळा उघडली, पण प्रिंटर घरी राहिला आणि हळूहळू गल्लीचा झाला. "काका, चार पानं काढायची आहेत," म्हणत मुले येतात. कागद त्यांचा, प्रिंटर आमचा, आणि आमच्या सौ.कडचे बेसनाचे लाडू उभयपक्षी.

त्या ऑगस्टमध्ये तिमाही परीक्षेआधी मराठीची एक सराव-पुस्तिका काढायचे आम्ही मनावर घेतले होते. आपली मुले इंदूरची. गल्लीत, बाजारात, खेळात हिंदी बोलतात. 'शाळे'ची 'शाला' होते, 'फळा'चे 'फल' होते. आम्ही त्यांना हसू शकत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण बी.एस्सी.पर्यंत हिंदी माध्यमात झाले. मराठी आईच्या तोंडून आली, पुस्तकातून आली नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा धाक पन्नाशी उलटल्यावरही गेलेला नाही. म्हणून ही पुस्तिका आम्हाला जिवाभावाची होती. निवृत्त शिक्षिकांनी पूर्वी तयार केलेली काही पाने, काही नवी पाने, अशी छत्तीस पाने जोडून एक पीडीएफ केली. रविवारी रात्री छापण्याची आज्ञा दिली आणि मग लक्षात आले की पलीकडच्या खोलीत प्रिंटरचे बटणच बंद आहे. आता उद्या बघू, म्हणून संगणक मिटला आणि निजलो. ही गोष्ट सकाळपर्यंत साफ विसरलो. वाचकांनी मात्र ती ध्यानात ठेवावी.

सोमवारी संध्याकाळी शेजारचा मुलगा आला. आपल्या आठवीत आहे. त्याला अहिल्याबाई होळकरांवरच्या प्रकल्पाची चार पाने काढायची होती. बाईंच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी ३०० वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त वर्गात तो विषय दिला होता. आम्ही प्रिंटर चालू केला. त्याने आपल्या फोनवरून पाने पाठवली. दोन पाने निघाली. इतक्यात आम्ही शाळेचे टपाल पाहण्यासाठी संगणक उघडला. प्रिंटरने घर्र आवाज केला, सगळे दिवे एकदम विझले, आणि तो आपोआप पुन्हा सुरू झाला. दोन मिनिटांनी पुन्हा विझला. पुन्हा सुरू. असे पाच-सहा वेळा झाले.

आम्ही त्याच्याकडे वळून म्हणालो, "काय दाबलंस तू?"

"काका, मी काहीच नाही केलं."

"अरे, आत्तापर्यंत चालत होता ना? तुझा हात लागला आणि बंद पडला. दुसऱ्याची वस्तू वापरताना जपून वापरावी."

त्याची आई दाराशी उभी होती. हे सगळे तिच्यासमोर झाले. मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, कंप्युटर बंद करून नुसतं फोनवरून करून बघू का?"

आम्ही नको म्हणालो. आणखी बिघडवायचा नाही, असेही म्हणालो. तो निघून गेला. जाताना त्याने आम्हाला 'सर' म्हटले होते, 'काका' नव्हे, हे सौ.च्या लक्षात आले. आमच्या आले नाही.

आता दुरुस्तीची हकीकत. मंगळवारी आम्ही विजेपासून सुरुवात केली, आणि ती सुरुवात योग्यच होती. जे यंत्र आपोआप बंद होऊन सुरू होते, त्याला वीज पुरेशी आणि अखंड मिळते का, हे आधी पाहावे. पाहतो तर आमचा प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावलेला! लेसर प्रिंटरमध्ये शाईची भुकटी कागदावर वितळवून बसवण्यासाठी एक रूळ असतो. तो साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. तो तापताना प्रिंटर काही क्षण शेकडो वॅट वीज ओढतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा असतो. म्हणूनच लेसर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला लावू नये, असे प्रिंटर बनवणारेच सांगतात. आम्ही तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला, एक्स्टेन्शन बोर्डही मध्ये ठेवला नाही. एक चूक सुधारली. पण आजार गेला नाही. पाच मिनिटांत दिवे विझले.

बुधवारी आमचा धीर सुटला. प्रिंटरची सगळी जुळणी पुसून त्याला कारखान्यातून आला तसा कोरा केला. घाईत केलेला हा उपाय आम्हाला महाग पडला. कोरा केला की प्रिंटर घरच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्डही विसरतो. शिवाय आमचा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतो. नवा राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही देतो, आणि आम्ही पुन्हा पुन्हा ५ वाल्या नावाला जोडायला बघत होतो. दोन तास त्यात गेले. शेवटी जोडला गेला, आणि जोडताक्षणी पुन्हा तेच.

या दोन तासांत प्रिंटर चालू होता आणि एकदाही बंद पडला नव्हता. एवढी मोठी खूण डोळ्यांसमोर होती. आम्ही ती पाहिली, पण वाचली नाही. अकरावीच्या मुलांना आम्ही वर्षानुवर्षे भौतिकी शिकवली. प्रेक्षण, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष हे शब्द फळ्यावर लिहिले. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होते ते वहीत नोंदवा, असे बजावले. घरी मात्र आमची वही कोरी होती. कारण आमचा निष्कर्ष सोमवारीच लागला होता. दोषी सापडला होता. आता फक्त त्याने नेमके काय बिघडवले, तेवढे शोधायचे होते.

गुरुवारी वही घेऊन बसलो. पहिली ओळ लिहिली: 'बुधवारी वाय-फाय नव्हते, तेव्हा ठीक.' ते तपासायला राउटर बंद केला. प्रिंटर एक तास शांत राहिला. राउटर लावला, तीन मिनिटांत दिवे विझले. आम्हाला वाटले, सापडले! जेल रोडवरच्या एका दुकानात फोन करून सांगितले की वाय-फाय लागला की प्रिंटर पडतो. दुकानदार म्हणाला, "आतला वाय-फायचा बोर्ड गेला असेल. साडेतीन हजार धरून चला." त्याला आम्ही बोल लावत नाही. अर्धी हकीकत आम्हीच सांगितली, मग उत्तरही अर्धेच मिळणार.

पैसे देण्याआधी आपल्या शाळेच्या संगणक-शिक्षिकांना विचारावे असे सुचले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, वाय-फाय हा नुसता रस्ता आहे. रस्ता बंद केल्यावर त्रास थांबला, म्हणजे रस्ताच वाईट असं नाही. त्या रस्त्यानं काय येतंय ते बघा. संगणक बंद ठेवून राउटर चालू ठेवा."

तसे केले. प्रिंटर अर्धा तास बिनतक्रार चालू राहिला. संगणक उघडला आणि दोन मिनिटांत पडला.

म्हणजे सोमवारी आठवीतल्या मुलाने सुचवला होता, नेमका तोच प्रयोग.

मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे संगणकात छपाईची रांग उघडली. तिथे एकच काम अडकलेले होते. आमची पुस्तिका, छत्तीस पाने. पाठवल्याची वेळ: रविवार, रात्री ११ वाजून ४२ मिनिटे. मुलगा आमच्या घरी येण्याच्या अठरा तास आधीची.

काय घडत होते ते आता साधे आहे. प्रिंटरच्या आत एक छोटा संगणक असतो. आलेल्या माहितीवरून पान कसे काढायचे हे तो ठरवतो. आमच्या पुस्तिकेत असे काहीतरी होते की ते सोडवता सोडवता तो छोटा संगणक कोलमडायचा आणि नव्याने सुरू व्हायचा. इकडे मोठ्या संगणकाला काम पुरे झाल्याचा निरोप मिळायचा नाही. प्रिंटर जागा झालेला दिसला की तो तेच काम पुन्हा पाठवायचा. पुन्हा कोलमडायचा, पुन्हा पाठवायचा. संगणक बंद करून उघडला तरी रांगेतले काम तसेच राहते, म्हणून चार दिवस हा खेळ चालला. सोमवारी मुलाची दोन पाने सुखरूप निघाली, कारण तोवर आमचा संगणक मिटलेला होता. आम्ही तो उघडला आणि प्रिंटर पडला. प्रिंटरला लागलेला शेवटचा हात त्याचा नव्हताच, आमचा होता.

काम रद्द करायला गेलो तर 'रद्द होत आहे' एवढेच दिसत राहिले. बाईंनी फोनवरून रीत सांगितली. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा, त्याच्या प्रिंटर्स नावाच्या फोल्डरमधल्या अडकलेल्या फायली पुसायच्या, फोल्डर राहू द्यायचा, आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. दहा मिनिटांचे काम. त्यानंतर प्रिंटर रात्रभर चालू ठेवला. एकदाही पडला नाही. साडेतीन हजार वाचले.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की आपण कावळ्याला धरतो. हे मराठीत प्रत्येक घरात बोलतात. आम्हीही मुलांना सांगत आलो आहोत.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. "वहिनी, तुमच्यासमोर त्याला बोललो होतो, म्हणून तुमच्यासमोरच सांगायला आलोय. चूक आमची होती. त्याचा काही संबंध नव्हता." मुलगा अभ्यासाला बसला होता. त्याच्या प्रकल्पाची वही टेबलावर होती. उघडून पाहिली. अहिल्याबाईंवरची दोन पाने छापील, दोन हाताने लिहिलेली. खाली लाल शाईत शेरा: 'अर्धे छापील, अर्धे हस्तलिखित का? नीटनेटकेपणा हवा.' वर्गशिक्षिकांना खरे कारण ठाऊक असायचा प्रश्नच नव्हता. त्याने ते सांगितलेच नव्हते. का नाही सांगितलेस, असे विचारले. म्हणाला, "प्रिन्सिपल सरांचं नाव कसं सांगायचं?"

न्यायासाठी आजही जिचे नाव घेतले जाते, त्या बाईवरच्या चार पानांपायी एका मुलावर प्राचार्यांकडून अन्याय झाला, आणि प्राचार्य मोठे म्हणून तो गप्प राहिला. आमची पंचवीस-तीस वर्षांची नोकरी त्या क्षणी आम्हाला फार मोठी वाटली नाही.

आम्ही काय बोलावे हे सुचत नव्हते, तेवढ्यात त्यानेच विचारले, "काका, मग पुस्तिकेतलं कुठलं पान खराब आहे, ते सापडलं का?"

नव्हते सापडले. तो तसाच उठून आमच्याबरोबर आला. आम्ही एकेक पान पाठवून बघणार होतो. तो म्हणाला, अर्धी-अर्धी करू. पहिली अठरा पाने पाठवली: प्रिंटर पडला. रांग साफ केली. एक ते नऊ: नीट निघाली. दहा ते चौदा: नीट. पंधरा आणि सोळा: नीट. सतरा: पडला. पाच खेपांत पान सापडले. छत्तीस पानांतले एक पान अर्ध्या-अर्ध्याने शोधायला जास्तीत जास्त सहा खेपा पुरतात. गणिताच्या तासाला हे उदाहरण आता आम्ही नक्की देणार. पुढची पाने पाठवली, तीही सगळी नीट निघाली.

सतरावे पान 'ळ' चे होते. शाळा, फळा, पळस, केळे, मुळाक्षर. जुन्या काळी कुठल्यातरी वेगळ्या फाँटमध्ये बनवलेले. त्या पानातली नेमकी कुठली गाठ यंत्राला सुटली नाही, हे आम्हाला सांगता येणार नाही. एवढे खरे की छापताना 'चित्र म्हणून छापा' हा पर्याय निवडल्यावर तेच पान पहिल्या फटक्यात निघाले. आपल्या मुलांची जीभ जिथे अडखळते, तिथेच प्रिंटरही अडखळला, असे सौ. म्हणाल्या, आणि सोमवारनंतर त्या मुलाला आम्ही पहिल्यांदा हसताना पाहिले. शनिवारी पुस्तिका तयार झाली. सोमवारी वर्गशिक्षिकांनी प्रकल्पावरचा शेरा खोडून नवा लिहिला.

ज्यांच्या घरी असा प्रिंटर आहे त्यांच्यासाठी आमच्या वहीतली क्रमवारी देतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

१. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का पाहा.

२. संगणक, फोन, राउटर सगळे बंद ठेवून प्रिंटर एकटाच अर्धा तास चालू ठेवा. एकटा असतानाही बंद पडत असेल, तर बिघाड आतल्या वीजपुरवठ्यात किंवा बोर्डात असण्याचा संभव जास्त. जळका वास आला तर ताबडतोब वायर काढा. स्वतः उघडू नका, आतला रूळ भाजतो. जाणकाराला दाखवा.

३. एकटा नीट चालत असेल, तर आधी राउटर, मग फोन, मग संगणक असे एकेक जोडा. कोणता जोडल्यावर पडतो ते लिहून ठेवा.

४. छपाईची रांग तपासा. अडकलेले काम काढा. कामाची तारीख आणि वेळही वाचा.

५. काम काढल्यावर थांबला, तर ती फाइल अर्धी-अर्धी करून तपासा.

६. प्रिंटर बनवणाऱ्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याचे फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, अद्ययावत करा. ते चालू असताना वीज जाऊ देऊ नका. पावसाळ्यात आभाळ बघून करा.

७. सगळे पुसून कोरा करणे हा शेवटचा उपाय. आम्ही तो मध्येच केला.

विश्वस्त मंडळी आणि शिक्षक बंधुभगिनींना एक सांगायचे आहे. प्रयोगशाळेतली काच फुटते, वर्गातला पंखा बंद पडतो, वाचनालयातले पुस्तक फाटते. आपला पहिला प्रश्न असतो, "कुणी केलं?" आणि बहुतेक वेळा उत्तर म्हणून जो सापडतो, तो शेवटी हात लागलेला मुलगा असतो. आम्ही शिक्षकांच्या बैठकीत विनंती केली आहे की यापुढे पहिला प्रश्न "काय झालं?" हा असावा, आणि समोरच्या मुलाचे उत्तर पुरे ऐकून घ्यावे. ते उत्तर बरोबर असू शकते. आमच्या बाबतीत ते होते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एवढेच. मोठी माणसे चुकतात. तुम्हाला खरे ठाऊक असेल तर नम्रपणे, पण एकदा सोडून दोनदा सांगा. प्राचार्य असले तरी सांगा. आमच्या घरचा प्रिंटर सध्या उत्तम चालतो. पाने काढायला जरूर या, कागद तेवढे आणा.

आपला,
प्राचार्य